खांद्याइतकी भिंत

सारी वस्ती त्याला ओळंबा म्हणत असे. गवंड्याच्या दोरीला टांगलेला तो लोखंडी गोळा भिंत वाकडी असेल तर वाकडी म्हणतो, मालकाची भीड ठेवत नाही. हा माणूसही तसाच. रेषेत चालावे, रेषेत बोलावे, आणि खोटे बोलण्याची वेळ आली तर तोंड मिटून घ्यावे. सज्जनहो, थोरामोठ्यांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकतो. आज या गवंड्याचे ऐका. यात चमत्कार नाही. एक परसदार आहे, एक भिंत आहे, आणि एका बाईची संध्याकाळ आहे.

परसदारे बांधण्यात त्याचा हातखंडा होता. घरामागचा ओसाड तुकडा लोक त्याच्या हवाली करत आणि तो तिथे फरशी घाली, ओटा रची, कठडा उभारी. मोजपट्टी खिशात असे, पण ती क्वचितच बाहेर निघे, कारण त्याचे शरीर हेच त्याचे माप होते. बसायचा ओटा गुडघ्याइतका, कठडा कमरेइतका, आडोशाची भिंत खांद्याइतकी. जागेवर ताठ उभे राहायचे, अंगाशी पेन्सिल धरून खूण करायची, आणि त्या खुणेला दोरी बांधून विटांचे थर चढवायचे. एवढी परसदारे त्याने सजवली, पण संध्याकाळी त्यांत कोणी बसलेले त्याने कधी पाहिले नाही. दिवस कलला की थापी धुवायची, घमेले पालथे घालायचे आणि घरची वाट धरायची. ज्या घटकेसाठी तो बांधत होता, ती घटकाच त्याच्या वाट्याला आली नव्हती.

आणि त्याचे स्वतःचे परसदार? तिथे वाळूचा ढीग, उरलेल्या फरश्यांच्या चवडी आणि दगड होऊन बसलेले सिमेंटचे पोते. मागे तारेचे बुटके कुंपण, त्यापलीकडे अरुंद गल्ली, आणि गल्लीच्या पलीकडच्या दारात शिलाई मशीन मांडून बसलेली शिंपीणबाई. संध्याकाळ झाली की ओळंब्याची बायको कुंपणाशी जाऊन उभी राही. कामावरून परतणारी माणसे त्या गल्लीतून जात आणि या दोघींच्या तावडीतून कोणी सुटत नसे. कोणाची चाल, कोणाची टोपी, कोणाची नवी सून. शिंपीणबाई म्हणायची की माझी कात्री बोथट झाली की मी हिच्या जिभेवर घासते, लगेच धार येते.

बायको नवऱ्याला एकच गोष्ट मागत आली होती. अहो, जगाची परसं सजवता, मला संध्याकाळी टेकायला एक जागा करा, उभं राहून पाय मोडतात. तो म्हणे, करू की. त्या "करू की"मध्ये वर्षे गेली.

मग एके सकाळी स्वयंपाकघरात तिच्या हातातले भांडे पडले आणि पाठोपाठ तीही पडली. वाचली, पण उजवे अंग गेले. तोंड एका बाजूला ओढले गेले. ज्या जिभेवर कात्रीला धार लागायची, त्या जिभेवर शब्द चिकटून बसू लागले. चाकाची खुर्ची घरात आली. डॉक्टरांनी ओळंब्याला बाजूला घेऊन बजावले, "यांना बोलतं ठेवा. माणसांत बसवा. बोलणं थांबलं तर जीभ कायमची जड होईल." त्याने मान हलवली. जन्मभर ज्याने विटांशी संसार केला, त्याने बायकोला बोलते कसे ठेवावे?

त्याने तिला मागच्या दारात आणून बसवले. शिंपीणबाई त्या दिवसांत लेकीकडे गेली होती, तिचे दार बंद होते. गल्लीतून जाणारी माणसे मात्र कुंपणाशी थबकत. एकजण तर तिच्यासमोरच, जणू तिचे कानही गेले असावेत अशा स्वरात, सोबत्याला म्हणाला, "अरेरे, काय बाई होती आणि काय होऊन बसलंय बघ." तिने मान फिरवली. ओळंब्याचे कान तापले. त्याने खुर्ची आत घेतली, आणि त्याच घटकेला ठरवले की आता परसदार बांधायचे.

आणि कसे बांधले म्हणून सांगू! प्रेम बोलत नाही तेव्हा ते हातांत उतरते. त्याने वाळू उपसली, पोते फोडले, मागच्या दाराची पायरी काढून सौम्य उतार केला. खुर्चीत विटा भरून ती पुन्हा पुन्हा ढकलून पाहिली, चाक कुठे अडते का, कुठे हिसका बसतो का. दगडी फरशी दिवसभराचे ऊन पोटात धरते आणि संध्याकाळी अंगावर फेकते, म्हणून त्याने विटांची जमीन केली. खुर्चीशेजारी ओटा रचला, कोपऱ्यात जाईचा वेल लावला, दिवा टांगला. शेवटी तारेचे कुंपण उपटले, जागेवर ताठ उभा राहिला, आणि तिन्ही बाजूंच्या भिंतीसाठी खांद्याशी पेन्सिल धरून खूण केली. सिमेंटचा माल नेहमीपेक्षा घट्ट कालवला. आता कोणाची टाप नव्हती तिच्याकडे बघून हळहळण्याची.

ओळंब्याची लेक माहेरी आली, चहाचा कप हातात घेऊन परसात उभी राहिली आणि म्हणाली की बाबा, आईचं नशीब थोर, एवढं देखणं परस तुम्ही कोणाला बांधून दिलं नसेल. शेजारी आले, उभ्या उभ्या पाहून तारीफ करून गेले.

पहिल्या संध्याकाळी त्याने बायकोला बाहेर आणले. तिने सगळीकडे पाहिले. "छान," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आत." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तो विचारात पडला. दिवा डोळ्यांवर येत असेल, म्हणून त्याने तो मागे सरकवला. डास असतील, म्हणून धूर केला. तापत असेल, म्हणून जमिनीवर पाणी शिंपडले. ती रोज म्हणे छान, आणि रोज म्हणे आत. पुढे छान म्हणणेही थांबले. मग बाहेर नेऊ का असे विचारले की ती डोळे मिटून घेऊ लागली. डॉक्टरांनी जी भीती घातली होती ती घरात येऊन बसली. दिवस दिवस तिच्या तोंडून शब्द निघेना.

एकदा बाजारात शिंपीणबाई भेटली. म्हणाली, "भाऊ, भिंत झकास झाली हं. आता आमच्या चिंध्या तुमच्या परसात उडायच्या नाहीत." त्याला वाटले, तारीफच केली. घरी येऊन त्याने हे बायकोला कौतुकाने सांगितले. तिने भिंतीकडे तोंड करून घेतले.

एका संध्याकाळी त्याने तिला तिचे मन नसतानाही बाहेर आणले. खुर्चीचे चाक कुरकुरत होते. तेलाची कुपी घेऊन तो खाली विटांवर बसला, चाकात तेल सोडले, आणि हात पुसत त्याने सहज मान वर केली. त्याच्या लक्षात आले की गल्ली नाही. समोर भिंत. डावीकडे भिंत. उजवीकडे भिंत. वर आभाळाची एक पट्टी. उभ्याने त्याला पलीकडचे मशीन दिसे, जाणारी डोकी दिसत, दिवेलागण दिसे, आणि तो समजत होता की तिलाही दिसते. पलीकडून शिलाईचा आवाज येत होता, कोणाचे तरी हसू येत होते. बायकोचा धड हात त्या आवाजाच्या दिशेने जरासा उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर पडला.

"अगं, तुला काहीच दिसत नाही इथून," तो म्हणाला. "सांगायचं नाहीस का मला?"

तिने पुष्कळ वेळ घेतला. एकेक शब्द ओढून काढावा तसा काढला.

"मला वाटलं... म्हणूनच बांधली. मला झाकायला. लाज वाटते... माझी?"

इथे दुसरा कोणी असता तर चटकन म्हणाला असता, छे छे, असं कसं बोलतेस. पण हा ओळंबा. त्याने आपल्याच अंतःकरणात दोरी सोडली, आणि गोळा जिथे थांबायचा तिथे थांबला.

"लोक तुला बघायचे, ते सोसवत नव्हतं," तो म्हणाला.

"तेच ते."

त्याने तेलाच्या कुपीला बूच लावले. मग म्हणाला, "वाटली. थोडी वाटली होती."

तिने मान फिरवली. देवा, सत्य तुझेच नाव आहे असे आम्ही गातो, पण त्या संध्याकाळी त्या परसात ते सत्य किती थंड होते!

दुसऱ्या दिवशी त्याने घण उचलला. स्वतःच्या हातची भिंत, घट्ट मालाची. घाव घालावा तर ठिणगी उडे, वीट हलत नसे. धुरळ्यासाठी दारे-खिडक्या लावून घेतल्या, आणि ती आत बसून ते घाव ऐकत राहिली. खांदा भरून आला, हात सोलले, तरी पडले ते एक खिंडार, दोन माणसे शेजारी बसू शकतील एवढे रुंद. ते त्याने खाली तिच्या गुडघ्यापर्यंत आणले. या वेळी खूण करताना तो तिच्या खुर्चीत बसला होता.

संध्याकाळी त्याने तिला खिंडारापाशी नेले. पलीकडे मशीन थांबले. शिंपीणबाई गल्ली ओलांडून आली, कमरेवर हात ठेवून तिने मैत्रिणीकडे नीट पाहिले.

"इतक्या हाका मारल्या भिंतीमागून, ओ दिलीस का? म्हटलं, आता बाई मोठ्या झाल्या."

"दिली. आवाज... चढत नाही."

शिंपीणबाईच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने ते ओघळू दिले नाही. "तोंड वाकडं झालंय तुझं," ती म्हणाली.

"तुझं... आधीपासून."

शिंपीणबाई हसता हसता खिंडारावरच टेकली. त्या दिवसापासून ती तिथेच येऊन बसू लागली, शिवायचे कपडे मांडीवर घेऊन. जीभ हळूहळू सैल झाली. लोक थबकत, बघत, काही पुन्हा हळहळत. ओळंबा दाराच्या सावलीत उभा असे. एकदा बायकोने मागे न वळता हाक मारली, "अहो. इथे बसा." तो येऊन तिच्या शेजारच्या ओट्यावर बसला. लोकांच्या नजरा आता त्याच्याही अंगावरून फिरू लागल्या. कान तापले, पण तो उठला नाही. रोज बसला. ती शिंपीणबाईशी बोले, गल्लीशी बोले. त्याच्याशी औषध, पाणी, पांघरूण एवढेच. जाऊ द्या, विसरा, असा एक शब्द तिच्या तोंडून येईल म्हणून त्याचे कान आसुसलेले असत. तो आला नाही.

थंडी पडली आणि दुसरा झटका आला. या वेळी ती वाचली नाही.

लोक भेटून गेले, लेक सासरी परतली. एका संध्याकाळी तो खिंडारापाशी बसला असता शिंपीणबाई आपल्या उंबऱ्यावर येऊन बसली. त्याने विचारले की भिंतीबद्दल ती तुमच्यापाशी कधी काही बोलली का. शिंपीणबाई गोड खोटे सहज बोलू शकली असती. तिने त्याच्याकडे पाहिले, आणि तिला ते जमले नाही.

"म्हणाली होती एकदा," ती म्हणाली. "‘लुळेपणाचं काही नाही गं. पण विटा रचताना ह्यांच्या मनात माझ्याबद्दल काय काय आलं असेल, तेच डोक्यातून जात नाही.’"

"बरं झालं सांगितलंत," ओळंबा म्हणाला.

शिंपीणबाईने मशीन सुरू केले नाही. ती तिच्या उंबऱ्यावर, तो त्याच्या परसात, आणि मधल्या गल्लीतून कामावरून सुटलेली माणसे माना खाली घालून, जरा घाईनेच, जात राहिली.