सासूबाईंनी पाजलेली बिअर

मला बिअर प्यायला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. हे मी चारचौघांत सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा संशयाने बघतात. ज्यांनी सासूबाईंना पाहिलं होतं त्यांचा तर विश्वासच बसत नाही. विधवेचं लाल आलवण, चातुर्मासात कांदालसणाचं नाव नाही, सोवळ्याला नळाचं पाणी चालत नाही म्हणून विहिरीवर फेऱ्या. अशा बाईने सुनेला बिअर पाजली म्हणजे काय? पण पाजली, आणि मी आज हे लिहायला बसले आहे ती त्यामुळेच.

आम्ही तेव्हा अंबरनाथला पश्चिमेला राहत होतो. दोन खोल्या आणि मागे व्हरांडा. आमचे हे कारखान्यात केमिस्ट होते. माझं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. संसर्ग नको म्हणून दीड वर्षांच्या मुलीला साताऱ्याला माझ्या आईकडे पाठवलं. ताप एकदाचा उतरला, पण जाताना माझ्या तोंडाची चव घेऊन गेला. भात चावला की ओला कागद चावल्यासारखं वाटायचं. दोन घास खाल्ले की मी ताट सारायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मुलीची आठवण काढून रडायचं म्हटलं तरी अंगात त्राण नव्हतं.

सासूबाईंच्या हाताला अशी चव होती की कारखान्यातले साहेबलोकसुद्धा त्यांच्या पुरणपोळीची वाट बघत. आणि गंमत म्हणजे स्वयंपाक करताना त्यांनी जन्मात कधी चव घेऊन पाहिली नव्हती. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी चाखलं तर ते उष्टं झालं. सगळं वासावर, रंगावर, फोडणीच्या आवाजावर. आमटीच्या वाफेवर तोंड धरून त्या सांगत, "अजून चिंच हवी." आणि हवीच असे. अशा बाईची सून तिच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून उपाशी मरायला टेकली होती. त्यांनी मऊ भात केला, मुगाचं कढण केलं, आमसुलाचं सार केलं. मी सगळ्याला "छान झालंय" म्हणायची आणि तसंच ठेवायची.

शेवटी मला टांग्यात घालून उल्हासनगरला नेलं. तिथे निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका बराकीत, मध्ये चादरीचा पडदा लावून, एक सिंधी डॉक्टर दवाखाना चालवत. कराचीहून सगळं मागे टाकून आलेला माणूस. पण बोलणं असं गोड, की निम्मा आजार ऐकूनच जावा. त्यांनी माझी जीभ बघितली, नाडी बघितली, म्हणाले, "बेटी, खाओगी नहीं तो मेरी दवा अकेली क्या कर लेगी?" मग ह्यांना आणि सासूबाईंना पडद्याच्या पलीकडे नेलं. चादर ती, तिला कुठले कान झाकायला येणार! मी सगळं ऐकलं. हिने खायला सुरुवात केली नाही तर माझ्या हातात काही नाही, असं ते म्हणत होते. आणि मग म्हणाले, जेवणाआधी रोज थोडी काळी बिअर द्या, भूक उघडेल.

आज कुठला डॉक्टर असं सांगेल असं वाटत नाही. तेव्हा सांगत. पण राज्यात दारूबंदी लागलेली, म्हणून त्यांनी रीतसर चिठ्ठी लिहून दिली. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाईंनी विचारलं, "बिअर म्हणजे काय रे?"

"दारूच की, आई."

टांगा घरापाशी येईपर्यंत सासूबाई जपमाळ ओढत राहिल्या. मला वाटलं, संपलं. उतरताना मला धरून त्या म्हणाल्या, "औषधं जाह्नवीतोयं वैद्यो नारायणो हरिः. डॉक्टरने दिलं म्हणजे ते गंगेचं पाणी. उद्या घेऊन ये रे."

ह्यांनी परवाना काढला, बाटल्या आणल्या, पण कशा? वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत तळाला घालून, वर कोथिंबिरीच्या जुड्या. चोरच वाटत होते. सासूबाईंनी कागद काढून फेकून दिला आणि बाटल्या खिडकीत ओळीने उभ्या केल्या. शेजारीण डोकावली तेव्हा तिने विचारायच्या आधीच सासूबाईंनी सांगून टाकलं, "आमच्या सुनेला बिअर दिलीय डॉक्टरांनी." हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यावं तशा सुरात. लपवलं की लोक बोलतात, सांगितलं की बोलायला काही उरत नाही, हे त्यांचं राजकारण.

जवळच्या पालेगावहून एक आगरी भाजीवाली यायची. तिची नजर खिडकीवर गेली. टोपली टेकवून ती म्हणाली, "आमी पिली का दारू, न तुमी पिली का औषीद! बरा हाय गो बाय."

सासूबाईंनी त्या दिवशी घासाघीस न करता तिच्याकडून दोन जुड्या घेतल्या. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "बोलली ते काही खोटं नाही."

आता ती बिअर द्यायची कशी? औषध म्हणजे काढा, हे सासूबाईंच्या लेखी ठरलेलं. त्यांनी अडकित्त्याने झाकण उचकटलं, व्हरांड्यात वेगळी चूल मांडली, बिअर पातेल्यात ओतली आणि सुंठ, पिंपळी, गूळ घालून निम्मी होईपर्यंत उकळली. सगळ्या आळीत वास सुटला. मग गाळून, वाटीत घालून, गरमगरम माझ्यापुढे. मी डोळे मिटून घोट घेतला आणि जे पोटात नव्हतं तेसुद्धा बाहेर पडलं. मला जन्मभर पुरेल इतकी लाज वाटली. सासूबाई रागावल्या नाहीत. पातेलं घासून ठेवलं, शाल घेतली आणि एकट्या उल्हासनगरला गेल्या.

पुढचं त्यांनीच मला नंतर कितीदा तरी करून दाखवलं आहे. डॉक्टर आधी नीट ऐकून घेत होते. पिंपळी आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला. गूळ आला तेव्हा डोळे पुसले. "अम्मा," ते म्हणाले, "तुमने बिअर का काढ़ा बनाया?" आणि हसता हसता त्यांना वडील आठवले. कराचीला संध्याकाळी गच्चीवर ते आणि त्यांचे वडील एक बाटली दोघांत वाटून घेत, असं त्यांनी सांगितलं. फाळणीत तिथून निघतानाच वडील वारले. मग त्यांनी औषध मोजायचा काचेचा ग्लास घेतला, त्यात पाणी घेतलं, आणि बाहेर रोगी ताटकळत असताना एका सोवळ्या ब्राह्मण बाईला बिअर कशी प्यायची ते शिकवलं. गार करायची. ग्लास तिरका धरून कडेने सोडायची, म्हणजे फेस बेताचा येतो. आधी वास घ्यायचा. मग एक घोट, तो तोंडात धरायचा, घाई नाही. "और सबसे ज़रूरी, बेटी से पूछना, क्या लगा. उसको बताना पड़ेगा. बताएगी तो ज़बान ढूँढेगी."

त्या भल्या माणसाचे मी पुरते आभारसुद्धा मानले नाहीत. बरी झाल्यावर पेढे नेले, त्यांनी दोन घेतले आणि बाकीचे बाहेरच्या पोरांना वाटले, इतकंच.

दुसऱ्या दिवसापासून आमचा नेम सुरू झाला. सासूबाई सकाळीच बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवत. देवाचा नैवेद्य झाला की व्हरांड्यात पाट मांडत. एक काचेचा ग्लास खास आणलेला, त्याची जागा व्हरांड्यातच. त्या ग्लास तिरका धरून अशा सफाईने ओतत की कुठल्या क्लबातल्या बटलरने बघत राहावं. ओतून झालं की आधी स्वतः वास घेत. पिणं शक्यच नव्हतं, पण वासाला बंदी कोणी केली होती! नाक ग्लासाशी नेऊन डोळे मिटत, आणि निकाल देत. "सातूचं पीठ. भाजताना कढई जरा जास्त तापलीय." किंवा, "खाली गूळ आहे बघ. करपायच्या बेतात आलेला." मग ग्लास माझ्या हातात. "आता तू सांग."

मला काहीच सांगता येत नव्हतं. "गार आहे," मी म्हणायची. "ते मलाही हाताला कळतं. पुढे?" पुढे काय? मी घोट तोंडात धरून शोधत राहायची. बरेच दिवस नुसतं गार आणि ओलं. पण त्या वासाबद्दल बोलत, मी घोटाबद्दल, आणि दोघी मिळून कशाच्या तरी मागावर निघाल्यासारख्या झालो. मी सासूला भिणारी सून होते. व्हरांड्यातल्या त्या पाटावर मला भीती वाटेनाशी झाली.

आणि हे सगळं झालं की त्या पुन्हा अंघोळ करत. बाटलीला हात लावल्यावर स्वयंपाकघरात कसं जायचं? थंडी पडायला लागली होती. बाटलीला हात लावायला मी ह्यांना सांगते, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "त्याला फेस सांभाळता येत नाही."

एका दुपारी घोट गिळल्यावर जिभेच्या मागे काहीतरी राहिलं. मी थांबले. "कडू आहे," मी म्हटलं.

सासूबाई पुढे सरकल्या. "कसं कडू? कारल्याचं?"

"नाही. कारलं आधीच लागतं. हे गिळल्यावर येतंय. मेथीच्या दाण्यासारखं."

दुसऱ्या दिवशी ताटात मेथीचे दाणे घातलेली भाजी होती. मी ती खाल्ली, पूर्ण नाही, पण कडवटपणा ओळखीचा निघाला आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तसे चार घास जास्त गेले. मग हेच सुरू झालं. मी बिअरमध्ये जे शोधून काढीन ते दुसऱ्या दिवशी ताटात यायचं. भाजल्याची चव लागली म्हटलं की भाजणीचं थालीपीठ, चांगलं खरपूस. मागाहून किंचित आंबट आहे म्हटलं की ताकाची कढी. एकदा मी म्हटलं, जळक्या साखरेसारखं काहीतरी आहे, तर त्यांनी साखर जाळून तिच्यात दूध घालून दिलं. ते मी वाटी चाटून संपवलं. ह्यांची मात्र रोज दुपारी डब्यात मेथी नाहीतर थालीपीठ बघून कुरकुर सुरू झाली. आजारी कोण आहे, असं ते विचारत. सासूबाई ढुंकून बघत नसत.

बिअर मला आवडायला लागली हे कबूल करते. तिचा रंग, खिडकीतून ऊन आलं की कडेला दिसणारी तांबडी झाक, ओठाला लागणारा फेस, गिळल्यावर सावकाश येणारा तो कडूपणा. चव म्हणजे तोंडात आपोआप होणारी गोष्ट अशी माझी तोवर समजूत होती. तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं, हे मला सासूबाईंनी शिकवलं. पुढे मी आयुष्यात जे काही खाल्लं, साधी भाकरीसुद्धा, ते जास्त गोड लागलं. हे देणं त्यांचं आहे.

तरी आमटीभात मी अजून औषधासारखाच गिळत होते. त्या दिवशीही ताटावर बसले. सासूबाई पलीकडे आपल्या पानावर. मी आमटीभात कालवला, घास घेतला, आणि थांबले. घास तोंडात धरला. त्यात डाळ होती, चिंच होती, गोडा मसाला होता आणि तरी काहीतरी नव्हतं. मला धीर होईना. त्यांच्या स्वयंपाकात आजवर कोणी खोट काढली नव्हती.

"सासूबाई, आमटीत मीठ राहिलंय का हो?"

त्यांचा हात पानावरच थांबला. "काय म्हणालीस? परत म्हण."

"मीठ नाहीये. अळणी लागतेय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी घाबरले, म्हटलं, माझंच तोंड अजून नीट नसेल. त्यांनी मान हलवली. मग सांगायला लागल्या. माझा ताप उतरला तेव्हा पथ्य म्हणून त्यांनी माझ्यापुरती आमटी बिनमिठाची काढून वाढली होती. तोंड वाकडं करेल, कुरकुरेल, मग घालू मीठ, असं मनात होतं. आणि मी म्हणाले होते, छान झालीय. तेव्हा त्यांना कळलं, हिच्या तोंडाला चवच उरलेली नाही. त्या दिवसापासून रोज मीठ घालायच्या आधी त्या माझी आमटी वेगळी काढत आणि रोज माझ्या तोंडाकडे बघत बसत. पावसाळा सरला, दिवाळी गेली, मी रोज छानच म्हणत राहिले.

"उद्याच ह्याला साताऱ्याला पाठवते," त्या म्हणाल्या. "पोरीला घेऊन येऊ दे."

मला रडू आलं. मी खाली बघितलं, आणि मग त्यांच्या पानाकडे लक्ष गेलं. जवळच माझ्यापुरती काढलेली पातेली होती, आणि त्यांच्या भातावर त्यातलीच आमटी.

"आणि तुमची?"

"माझीही तीच. तुला अळणी वाढून मी काय चवीने जेवणार होते?"

त्यांनी मिठाची वाटी ओढली. आधी माझ्या पानात वाढलं, मग स्वतःच्या.