साक्षीदार फिका आला

दवाखान्याच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे बाई म्हणत. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर घ्यायचे आणि रंगवायचे, हा बाईंचा रोजचा उद्योग. धाकटा भाऊ भिंती रंगवायचा. लहानपणी चुन्याच्या बादलीत पडल्यापासून घरात त्याचं नावच चुन्या. "ताई, आपण दोघं रंगारीच," तो म्हणायचा. "फक्त तुझी भिंत नखाएवढी, आणि तुला शिडी लागत नाही."

या चुन्याच्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. ते मूत्रपिंड काढून टाकलं, जखम भरली, स्वारी पुन्हा शिडीच्या गोष्टी करू लागली. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंचा पडेना. त्यांच्याच प्रयोगशाळेत एका प्रथिनाचा अभ्यास चालू होता. ते प्रथिन गाठीत असलं की काप तपकिरी होतो, आणि जितका गडद, तितका आजार उलटण्याचा संभव जास्त, असा डॉक्टर मॅडमांचा कयास. रुग्णाला काही सांगायचं नाही, कारण कळून करण्यासारखं अजून हातात काही नाही. चुन्याने अभ्यासाला हसत होकार दिला होता.

तुकड्यावर नाव नसतं, नुसता आकडा. पण त्या आठवड्यात मूत्रपिंड एकच आलं होतं. हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं, असं बाईंच्या मनात आलं. पण दुसऱ्याच्या हातून कापाला सुरकुती पडली तर? त्यांनी स्वतःच घेतलं.

काचपट्टीच्या कडेला बाई नेहमी आणखी एक काप ठेवत, गडद होणारच हे आधीपासून ठाऊक असलेला. त्याला त्या साक्षीदार म्हणत. साक्षीदार गडद झाला तरच रंग नीट लागला. फिका आला तर पट्टी बाद. हा दंडक बाईंचाच, आणि यावरून नव्या मुलींची त्यांनी कितीदा तरी खरडपट्टी काढलेली.

चुन्याची पट्टी रंगात होती. काप तपकिरी व्हायला लागला आणि वेळ भरायच्या आत बाईंनी ती उचलून पाण्यात धरली; रंग तिथेच थांबला. हात आपोआप गेला, असं म्हणायची सोय नाही. त्यांनी उचलली.

मॅडमांनी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "बाई, साक्षीदार फिका आलाय हो. तुमच्या हातून असं कसं?"

"होतं कधीकधी."

"पुन्हा करा."

दुसऱ्यांदा बाईंनी पूर्ण वेळ दिला. साक्षीदार गडद आला. शेजारचा चुन्या त्याहून गडद. "आता कसा छान लागलाय!" मॅडम म्हणाल्या. बिचाऱ्या मॅडमना काय माहीत! बाईंना तिथे रडायचीही चोरी.

संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या. तो खिडकीशी बसून सुकलेला ब्रश खरवडत होता. सासुरवाडीची भिंत घेणार होता म्हणे, अंगात जोर आला की.

"काय गं, माझी भिंत रंगवलीस का?"

"रंगवली."

"कसा आला रंग?" गडद म्हणजे वाईट, हे आणि साक्षीदाराचं सगळं बाईंनीच त्याला कधीकाळी गप्पांच्या ओघात सांगितलेलं.

"फिका," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. पहिला फिकाच आला होता.

चुन्याचा चेहरा फुलला. मग त्याला थट्टा सुचली. "फिका? आणि तू तसाच सोडलास? साक्षीदार की कोण तो तुझा, त्याने हाक नाही मारली? ताई, अगं तू तर माझ्या भिंतींनासुद्धा नावं ठेवतेस. दुसरा हात नाही मारलास?"

बाई पदराने चष्मा पुसत राहिल्या.

चुन्याचं हसू हळूहळू ओसरलं. ब्रश खरवडायचा थांबला.

"मारलास," तो म्हणाला.