डाग काढून ठेवा

दि. १६ फेब्रुवारी १९६९ रोजी अभिमन सोनारांना एका चांदीच्या बाजूबंदाची मजुरी बेचाळीस रुपये पन्नास पैसे ठरली. चांदी गिऱ्हाइकाची. जळगावला पिंप्राळ्यात त्यांच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत होती, ओटा सामाईक होता. त्यामुळे पुढचे बरेचसे मी स्वतः पाहिलेले आहे.

अभिमनभाऊ मूळचे धुळ्याचे. सोन्याचे तारकाम वडिलांकडून शिकले. त्रेसष्ट साली चौदा कॅरटचा कायदा आला, त्याहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली आणि हातचे काम गेले. ओळखीच्या सोनारांपैकी कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गिरणीत लागले. भाऊंनी तेच काम चांदीत सुरू केले आणि बिऱ्हाड जळगावला आणले. लोक विश्वासाने चांदी टाकून जात, त्यावर घर चाले.

काम असे की चांदीची तार जंत्रीच्या, म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीच्या, एकेका भोकातून ओढत केसाएवढी बारीक करायची. दोन तारांना पीळ द्यायचा, तो चपटा करायचा आणि चिमट्याने त्याची वेलबुट्टी वळवून चौकटीत बसवायची. शेवटी फुंकणीने दिव्याची ज्योत तिच्यावर फुंकून डाख द्यायचा, म्हणजे सगळे एकजीव होई. फुंकणी तोंडात असेपर्यंत भाऊंना बोलता येत नसे. त्यांची बायको ठगुबाई घरातल्या तक्रारी नेमक्या तेव्हा मांडी. भाऊ मान हलवत आणि ती मान होकार म्हणून धरली जाई.

बाजूबंद नेमीचंदशेठ कापडवाल्यांचा होता. त्यांच्या आई चंदनबाई यांच्या जोडीतला एक पूर्वी प्रवासात हरवला होता. नातीच्या लग्नात दोन्ही दंडांवर हवेत, म्हणून उरलेला एक नमुन्याला दिलेला. तो वापरून काळाभोर झाला होता. भाऊंनी महिनाभर खपून त्याचा जोडीदार तयार केला.

शनिवारी शेठ सायकलवरून जाता जाता ओट्याशी थांबले आणि ठगुबाईंना म्हणाले, "भाऊंना सांगा, डाग काढून ठेवा. उद्या येतो."

आमच्याकडे दागिन्यालाही डाग म्हणतात. शेठना म्हणायचे होते, बाजूबंद पेटीतून काढून ठेवा. ठगुबाईंनी आत जाऊन तसेच्या तसे सांगितले. भाऊंच्या तोंडात फुंकणी होती. त्यांनी मान हलवली.

ठगुबाईंनी जुना बाजूबंद चिंचेच्या पाण्यात उकळला, रिठ्याने घासला आणि राखेने पुसला.

रविवारी शेठ आले तेव्हा फडक्यावर दोन पांढरेशुभ्र बाजूबंद होते.

"छान. आता आमचा जुना आणा," शेठ म्हणाले.

"हाच की," भाऊंनी डावीकडचा पुढे केला. मग दोन्ही पुन्हा उलटसुलट करून पाहिले; त्यांनाही खात्री नव्हती.

"हा? हा तर काल केलेला दिसतो. आमची जुनी चांदी होती, भाऊ. ती कुठे वितळवली?"

"काय व्हयनं, शेठ?" ठगुबाई आपल्या अहिराणीत म्हणत बाहेर आल्या. "तुम्हीच सांगं ना, डाग काढी ठेवा! मी बठ्ठा डाग काढी टाकात."

शेठ हसले नाहीत. "नावच ठगुबाई. मी आधीच समजायला हवं होतं."

"नाव मन्हा बापनी ठेवं. तुम्हना बाजूबंद मी धोया."

काट्यावर घातला तर मळ गेल्यामुळे तो घेताना टिपलेल्या वजनापेक्षा गुंजभर हलका भरला. जुना ओळखायला आईलाच आणतो म्हणून शेठ निघून गेले. भाऊ ओट्यावर बसून राहिले. "हे सराफ बाजारात गेलं की संपलं," ते मला म्हणाले. "उद्या माझ्याकडे चांदी कोण टाकील?"

चंदनबाई टांग्यातून आल्या. त्यांना कमी दिसत असे. त्यांनी दोन्ही दंडांवर एकेक बाजूबंद बांधून घेतला आणि ओढणी खांद्यावरून खाली ओढली. उजवीकडून ती सरळ घसरली. डावीकडे अडकली. म्हातारी खुदकन हसली.

"हाच तो मेला! लग्नापासून माझ्या ओढण्या फाडतोय."

भाऊंनी वाकून पाहिले. वेलाच्या शेंड्याशी तारेचे एक टोक वर आलेले होते. "आणा आईसाहेब, दोन मिनिटांत बसवून देतो."

"हात लावू नका. हा धरतो म्हणून कळतं की दंडावर आहे." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "नेमू, काय बोललास रे यांना?"

शेठ म्हणाले, "भाऊ, चुकलं माझं."

"चुकलं ना?" ठगुबाई म्हणाल्या. "मंग चिंच-रिठाना बारा आना काढा."

"मी धुवायला सांगितलं होतं कुठे?"

"दे तिला," चंदनबाई म्हणाल्या. "इतका उजळ तर माझ्या लग्नातही नव्हता."

भाऊ पहिल्यांदाच मोठ्याने हसले. त्या लग्नानंतर शेठच्या नात्यातली चार घरे त्यांच्याकडे चांदी टाकू लागली. पंचाहत्तर सालापर्यंत तरी त्यांना काम कधी कमी पडले नाही.

मजुरी शेठनी त्याच दिवशी पूर्ण दिली. बारा आणे सुटे नव्हते. ठगुबाईंचे ते पंचाहत्तर पैसे अद्याप येणे आहेत.