धक्का न लागताही

काल सकाळी नदीवरच्या अरुंद पुलाच्या तोंडाशी मी चहा घेत उभा होतो. एक प्रौढ बाई हँडलला डबा अडकवून सायकलवरून पूल ओलांडत होत्या. मागून आलेली मोटार त्यांना इतकी घासून पुढे गेली की त्यांचा तोल गेला. कठड्याला हात टेकून त्या कशाबशा सावरल्या.

मी होतो त्याच टोकाशी उभ्या असलेल्या वाहतूक पोलीस मॅडमनी मोटार अडवली.

"मॅडम, धक्कासुद्धा लागला नाही त्यांना," मोटारवाला खाली उतरत म्हणाला.

"लागला असता तर मी आधी अँब्युलन्स बोलावली असती."

तेवढ्यात एक ट्रक त्याच्या अगदी जवळून धडधडत गेला. तो दचकून मागे सरला.

"आला ना पोटात गोळा? त्यांनाही आला असेल," मॅडम म्हणाल्या.

 तो सायकलवाल्या बाईंपाशी जाऊन म्हणाला, "ताई, चुकलं माझं." मॅडमनी दंडाची पावती मात्र फाडलीच.

मला मॅडमचं फार कौतुक वाटलं. रक्त दिसल्याशिवाय काही घडलं असं आपल्याला वाटतच नाही. कठड्याला टेकलेला हात कोण बघतं? त्यांनी तो बघितला. अपघाताच्या आधी येऊन उभा राहिलेला कायदा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाई सायकलवर बसून पुन्हा निघाल्या. पुढचा रस्ताही चिंचोळाच होता. मोटार त्यांच्यामागे अंतर राखून, हॉर्न न वाजवता, त्यांच्याच वेगानं चालली होती.