हात लावल्याशिवाय सही नाही

"हात लावल्याबिगर सही नाय," असं म्हणून चाचा पहिल्या खोक्यावर तळहात ठेवायचे. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. सलाइनची दोनशे खोकी आली तर दोनशे वेळा. गाडी घेऊन आलेला सुदानी ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" अशी घाई करून घसा कोरडा करायचा. चाचा त्याला दोन खजूर देऊन सावलीत बसवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

राबिघच्या एका खाजगी इस्पितळात ते स्टोअरकीपर होते आणि मी औषधांच्या खिडकीवर फार्मासिस्ट. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना शेवटपर्यंत पटवू शकलो नाही. "अर्धा डाक्टर तो पण डाक्टरच," म्हणायचे. गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं, पण बावीस वर्षं सौदीत काढलेली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या काटेकोरपणाचा दिवसभर ताप होतो आणि ती रजेवर गेली की करमत नाही.

एकदा मॅनेजरच्या वाढदिवसाचा केक आला. त्याच्या पावतीवरही सही हवी होती आणि खोक्याचं झाकण नेमकं उघडं होतं. चाचांची पाच बोटं त्या क्रीमवर उमटली. तो तुकडा माझ्याच वाट्याला आला.

शुक्रवारी नमाज झाली की त्यांच्या खोलीवर बिर्याणी आणि मग सिनेमा. सिनेमा ठरलेला, एकच. तुर्कस्तानातल्या एका लहान गावाचा, अरबीत डब केलेला. नगराध्यक्ष पाण्याची टाकी नुसती कागदावर बांधतो आणि 'काम पूर्ण' म्हणून एका गरीब कारकुनाची सही मागतो, एवढीच गोष्ट. माझं अरबी कामापुरतं, म्हणून चाचा मराठीत सांगत जायचे. त्यांच्या मराठीत तो नगराध्यक्ष थेट आमच्या कोकणातला होऊन जायचा. "तो बोलतो, अरे, तू घरचाच माणूस, तुज्यापासून काय लपवायचा?" पडद्यावर त्या माणसाने अजून तोंडही उघडलेलं नसायचं. कारकुनाच्या घरी नगराध्यक्षाकडून बकलाव्याच्या मिठाईचं ताट आलं की चाचा मांडीवर थाप मारायचे. "बगा डाक्टर! आमच्याकडे ह्या टायमाला हापूसची पेटी येते."

कारकुनाने पेन उचललं की चाचा टीव्ही बंद करायचे. शेवट त्यांनी मला कधीच बघू दिला नाही. "फुकट जीव जळतो," म्हणून ताटं उचलायला लागायचे.

अशाच एका शुक्रवारी, बकलावा पडद्यावर असतानाच, फोन वाजला. गावचा सरपंच बोलत होता. तो चाचांच्या बायकोचा सख्खा भाऊ. समुद्र घरांत शिरू नये म्हणून गावाला बंधारा मंजूर झाला होता आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर किनाऱ्यालगतच्या घरमालकांच्या सह्या हव्या होत्या. सगळ्यांत पुढचं घर चाचांचं. पाठोपाठ बंधाऱ्याचा फोटो आला, चांगला काळ्या दगडांचा.

"सही करून पाठवा, दुल्हाभाई. घरचाच काम हाय," सरपंच म्हणाला.

चाचांच्या मुलीचं लग्न ह्याच सरपंचाच्या मुलाशी ठरलेलं होतं, दोन महिन्यांवर आलेलं. वर्षाची रजा त्यांनी त्यासाठीच राखून ठेवली होती. मीच म्हणालो, "चाचा, फोटो आलाय ना? टाका करून सही. लेकीच्या लग्नात विघ्न नको." हे मी बोललो याची मला आजही लाज वाटते.

चाचांनी मोबाइलच्या काचेवर, त्या बंधाऱ्यावर, तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ह्याला हात लागत नाय, डाक्टर."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. जेद्दाच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो होतो. "लग्न मोडलं तर?" मी विचारलं. "मोडला तर मोडला. उद्या पाणी आला तर पयली भिजणार ती माजी म्हातारी अम्मी," असं म्हणून ते रांगेत शिरले. तिथेही बॅगेवर पट्टी चिकटवल्याची हाताने खात्री करूनच त्यांनी बॅग पुढे ढकलली.

त्यांच्या जागी बदली माणूस आला. तो खोकी गाडीत असतानाच सही करतो. ड्रायव्हर लोक भलतेच खूश आहेत. मी मात्र खिडकी सोडून खाली जातो आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून खोक्यांना हात लावून येतो.

एका शुक्रवारी मी तो सिनेमा एकट्यानेच शेवटपर्यंत पाहिला. कारकून सही करतो. मग बकलावा खातो. जीव खरंच जळला.

त्याच आठवड्यात चाचांचा निरोप आला. "लगीन मोडला. पोरगी बोलली, अब्बा, बरा केलात. आता येत नाय मी, हितंच बसतो. सही मागायला कोण येतो, बगतो."

खाली एक फोटो होता. चाचांचा तळहात, हवेत पसरलेला. त्याच्या पलीकडे नुसता समुद्र.