सुभेदारांच्या मेंदूची सूज

सरकारी वॉर्डात कापूस संपतो, स्पिरिट संपतं, किस्से मात्र साठतच जातात. सत्तरच्या दशकात मी साताऱ्याला स्टाफ नर्स होते, तेव्हाचा साठा अजून उरलाय.

त्यातला निम्मा माल एका पेशंटचा. कोरेगावकडचे पेन्शनीत आलेले सुभेदार उसाच्या बांधावरच कोसळले. मेंदूत रक्तस्राव. उजवं अंग गेलं, वाचा बंद. बायको पारूबाई कॉटशेजारी बसून एकच विचारायची, "सिस्टर, बोलतील न्हवं पुन्यांदा?"

"आधी मेंदूची सूज उतरू दे," म्हणून आमचे वॉर्डाचे डॉक्टरसाहेब छताकडं बघायचे.

*

सूज उतरवायला मॅनिटॉलची बाटली. थंडीत तिच्यात खडे धरतात, म्हणून गरम पाण्यात ठेवून विरघळवावी लागते. सुभेदारांचे भाऊ नाना यांनी बाटली उजेडात धरली.

"काय कणी धरलीया! असा गूळ पडला तर सांगलीच्या पेठंत उड्या पडतील. आन् तुमी विरघळवताय?"

*

हे औषध मेंदूतलं पाणी ओढून लघवीवाटे बाहेर काढतं. दुपारी बघते तर लघवीची पिशवी कोरडी आणि पेशंट तळमळतोय. नानांनी रबरी नळीला सुतळीनं गाठ मारलेली!

मी भडकले, तर मलाच शेती शिकवायला लागले. "बाई, पाणी रानात मुरायच्या आत कुणी वढ्याला सोडतं व्हय? लय भारी औषिद हाय ते."

गाठ सोडली आणि सुभेदारांनी मोठा सुस्कारा टाकला. तो त्यांचा पहिला आवाज. साहेबांनी तो औषधाच्या नावावर जमा केला.

*

आमचे साहेब स्टेरॉइडवाले. सांगलीहून राउंडला येणारे मोठे डॉक्टर ग्लिसरीनवाले, तेही नाकातल्या नळीतून.

"ग्लिसरीन तर आमच्या बायका टाचंच्या भेगांना लावत्यात," नाना म्हणाले.

"हे मेंदूसाठी आहे," मोठे डॉक्टर गुरकावले.

"असंल. भेगा वरपतूर गेल्या असतील."

सुभेदारांची बोटं हलली, तेव्हा दोघांनीही श्रेय घेतलं. ताप आला, तो मात्र एकमेकांना देऊन टाकला.

*

मग नाना पिशवीतून कबुतर घेऊन आले. लुळ्या हाताला त्याचं रक्त चोळायचं होतं. साहेबांनी वॉर्डासमोर अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं आणि कबुतर उडवून दिलं.

नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सिस्टर, कबुतर मिळतं कुठं? सासूबाईंचा लुळा हात अजून उठत नाही."

"त्यांना स्टेरॉइड नाही दिलं?"

साहेब निघून गेले.

*

सुभेदार हळूहळू बोलायला लागले. चहा, पाणी, एखादी शिवी. पारूबाईंनी घरी जायला पिशव्या भरल्या. पण मोठ्या डॉक्टरांची परीक्षा राहिली होती.

"बायकोचं नाव काय?"

सुभेदार गप्प. लग्नापासून त्यांचा संसार 'अगं ए' वर चाललेला. दर राउंडला तोच प्रश्न, ते तसेच गप्प. "स्मृती परतलेली नाही," म्हणत डॉक्टर मुक्काम वाढवायचे. पारूबाई रडकुंडीला आल्या.

शेवटी सगळ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर मोठे डॉक्टर सुभेदारांच्या कानाशी ओरडले, "सुभेदार, ही कोण? नाव सांगा, आजच घरी सोडतो."

सुभेदारांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाले, "पारू."

डॉक्टरांनी टाळी वाजवली. पारूबाईंनी पदर पुढं ओढला आणि माझा हात घट्ट धरला.

"सिस्टर, ह्यांचं डोसकं अजून ठिकाणावर न्हाई. येवढ्यात सोडू नका."