सोनाबाईचं गाणं आणि निर्मलाचा पेनड्राइव्ह

मेन स्विच मीच खाली ओढला. निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी सानगडीच्या बाजारात उभी होते, हातात ओल्या मेथीची जुडी होती. ती कुठे सुटली, ते आजही आठवत नाही. त्याच सकाळी ती माझ्याशी हसून बोलली होती, आणि दुपार होण्याआधी साकोलीच्या दवाखान्यातून तिचे यजमान सांगत होते, "ताई, मेंदूत रक्त सांडलं म्हणते डाक्टर... आटोपलं जी. तेवढं दुकान बंद करून घ्या." मी तिच्या दुकानाकडे धावले. दार सताड उघडं होतं, पंखा फिरत होता, कपातल्या अर्ध्या चहावर साय धरली होती. माणूस गेलं की आमच्याकडे आधी दुकान मिटतं. ती रीत हातांना ठाऊक असते, डोकं जागेवर नसलं तरी. मी खटका ओढला. पंखा रेंगाळत थांबला. कोपऱ्यातल्या टेबलावर उघडा असलेला माझा जुना लॅपटॉप त्याच क्षणी काळा झाला. ते मी पाहिलं. त्याचा अर्थ मात्र चौथ्या दिवशी कळला.

निर्मला माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्नानंतर तिने सानगडीत टायपिंगचा वर्ग काढला. टाइपरायटर गेले तेव्हा तिने लोकांनी टाकून दिलेले संगणक गोळा केले, आणि सातबारा, दाखले, अर्ज यांचं दुकान थाटलं. तिच्या हातांना शाईचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा मिळून एक वास असे. माझा लॅपटॉप बंद पडला तेव्हा मी तिच्याकडे रडवेली होऊन गेले. धानाच्या रोवणीच्या वेळी बाया चिखलात वाकून जी गाणी म्हणतात, ती मी दहा वर्षं गावोगाव फिरून त्यात उतरवली होती, आणि दुसरीकडे कुठेच ठेवली नव्हती. नागपूरच्या दुकानदाराने तो फेकून द्या म्हटलं होतं.

"फेकून द्या म्हणे! अवो, घरधनी उठत नाही म्हणून घर फेकते का कोणी?" तिने कनवटीची चंची सोडून त्यातला पेनड्राइव्ह काढला. "याच्यात लिनक्स हाये, कम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम, हलकंवाली. हा आपला पाहुणा. दोन घासात भागते त्याचं. तुह्या घरधन्याले न उठवता घराचं दार उघडून देते."

तिने मलाच समोर बसवलं. "चालू कर. कंपनीचं नाव दिसलं का वरचं एफ बारा दाबत राह्य. अवो, दाबत राह्य! एकदा दाबून हात काय जोडून राहिली, देवळात हायेस का?" तिसऱ्या खेपेला यादी आली. बाणाने खाली उतरून मी पेनड्राइव्हचं नाव निवडलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर चढत गेल्या, आणि मग एक निळं, रिकामं, शांत अंगण उघडलं. तिने डिस्कच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. 'गाणी'... माझं सगळं संचित तिथे होतं, जसंच्या तसं. मी पदर डोळ्यांना लावला, तर ती म्हणाली, "कीबोर्डवर नोको रडू. मग तो माह्याच गळ्यात पडन."

त्याच आठवड्यात आम्ही दोघी एकोडीला गेलो. तिथल्या सोनाबाईला येणारं एक लांब गाणं दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. तिला आवाज टिपलेला चालत नसे. "माहा गळा डब्यात नोको भरू, पोरी. लिव्हाचं तं लिव्ह." मी लॅपटॉप तिच्या ओसरीवर मांडला. त्याची बॅटरी कधीच मेली होती, म्हणून तार खिडकीतून आत सोडली, पेनड्राइव्हवरून यंत्र जागं केलं आणि ती म्हणेल तसं टिपत गेले. 'बांधीत पाणी, पाण्यात आभाळ, आभाळात रोवते धान मी बाई...' तिचा आवाज छपरावरच्या जुन्या कवेलूसारखा खरबरीत होता, आणि त्याखाली गारवा होता. निर्मला भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. सगळं उतरल्यावर मी ते त्या निळ्या अंगणातच ठेवलं, मोठ्या समाधानाने यंत्र मिटलं. घरी येऊन उघडलं तर अंगण कोरं होतं.

"कुठी ठेवलं होतं?" निर्मलाने विचारलं. मी सांगताच तिने कपाळावर हात मारला. "अवो, ते खळं हाये! खळ्यावर धान ठेवून कोणी घरी जाते का? पाहुणा उठला का खळं झाडून जाते. डिस्क म्हंजे ढोली, घरातली धानाची कणगी. ढोलीत टाकाचं होतं." मी खळ्यात वाढलेली, आणि तरी हे केलं. पुन्हा एकोडीला जायचं ठरवेपर्यंत सोनाबाई गेली. मी एकदा लिहिलं की माझं मन रितं होतं. पहिल्या ओळीपलीकडे मला काही आठवेना. निर्मलाचं तसं नव्हतं. "म्या ऐकलं ना तिथी बसून. माह्या डोक्यात हाये. लॅपटॉप राहू दे माह्याकडे, सवडीनं उतरवतो."

त्या सकाळचा तिचा फोन त्याच गाण्याचा होता. "सोनाबाईचं उतरवून राहिली. दोन कडवे राह्यले. ये ना, आयकून तं जा." मी म्हटलं, आधी भाजी घेते.

चौथ्या दिवशी तांदूळ निवडताना माझा हात सुपातच थांबला. बॅटरी मेलेली... तार भिंतीत... आणि खटका मी ओढला होता. तेच गाणं, दुसऱ्यांदा, माझ्याच हाताने. आता ते डोक्यात असलेलं माणूसही उरलं नव्हतं. तिच्या यजमानांनी लॅपटॉप घरी आणून दिला, पेनड्राइव्ह कडेला तसाच खोचलेला. तीन आठवडे मी त्याला कापडाने झाकून ठेवलं. निर्मलासाठी रडू येई, तेव्हा त्याखालून या गाण्याची लाज वर येई, आणि रडू अडे.

परवा सकाळी बसले. एफ बारा दाबत राहिले. रागावायला कुणी नव्हतं, तरी पहिल्याच खेपेला यादी आली. निळं अंगण उघडलं, नेहमीसारखं कोरं. त्याला ती ठाऊक नव्हती, मीही नव्हते. डिस्कच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. 'गाणी'च्या तळाशी 'सोनाबाई' नावाची नवी फाइल होती. तिच्यावरची वेळ त्या फोनच्या थोडी आधीची. म्हणजे तिने आधी धान ढोलीत टाकलं होतं, आणि मग मला हाक मारली होती...

नऊ कडवी आहेत. शेवटची दोन नाहीत, आणि ती आता कुणाजवळच नाहीत. मी काही जोडलेलं नाही, जोडणारही नाही. ओळी एकापुढे एक सलग लिहिलेल्या; वाचताना दोन ओळींमधली जागा जरा जास्त वाटली, म्हणून मी बाण सरकवत पाहिलं. प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा. टाइपरायटरवर शिकलेल्या बोटांची ती शिस्त; आता असं कुणी करत नाही. सगळ्यात शेवटच्या ओळीपाशी गेले. पूर्णविराम होता. त्याच्यापुढेही दोन जागा सोडलेल्या होत्या, पुढची ओळ सुरू करण्यासाठी.